कुटुंब योजनेतले माझे दोन पाल्य

"जागा संपत आली आहे," असं माझ्या फोनने मला कळवलं तेव्हा मला आधी हसूच आलं. परळमध्ये जन्मलेल्या माणसाला ही काय बातमी झाली? आमच्या चाळीतल्या एका खोलीत अकरा माणसं राहायची आणि जागा संपल्याचं कोणी कोणाला कळवत नसे. पाहुणा आला की घरातला एक जण मुकाट्याने चटई घेऊन गॅलरीत जायचा. फोनला गॅलरी असते, पण तिच्यात झोपायला जाता येत नाही. उलट तीच आधी भरते.

काढून टाकण्यासारखं बरंच होतं म्हणा. सकाळच्या गुलाबांचे फोटो होते, सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचना होत्या, मेव्हण्याच्या सिंगापूर ट्रिपचे व्हिडिओ होते. ते मी आनंदाने काढले. तरी जागा होईना. उरली ती आईची गाणी, आणि त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता.

माझी आई कांता गमरे. जुन्या परळकरांना वेगळं सांगायला नको, पण आता जुने परळकर विरारला राहतात म्हणून सांगतो. आमच्या चाळीच्या महिला गायन पथकात ती पुढे उभी राहून गायची. भीमगीतं, बुद्धाचे पाळणे, संपाच्या काळातली गाणी. बरीचशी तिची स्वतःची, कुठे लिहिलेली नाहीत. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली आणि डॉक्टर म्हणाले, आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात फोन ठेवून, ती मेथी निवडत बसलेली असताना, एकेक गाणं रेकॉर्ड करून घेतलं. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. आता ती बोलते ते कोरड्या नळातून हवा यावी तसं. हुकूम सोडायला तेवढा पुरतो. गायला पुरत नाही.

चाळ पडून टॉवर झाला, त्याच्या तळमजल्यावर आमचा विहार आहे. तिथल्या महिला मंडळाने ठरवलं होतं की या बुद्धपौर्णिमेला आईचा सत्कार करायचा आणि तिची गाणी सगळ्यांना ऐकवायची. तेव्हा गाणी कुठेतरी नीट, सुरक्षित ठेवणं भाग होतं.

"बाबा, कुठलंही क्लाउड घ्या आणि टाका," बंगळुरूहून दीपिका फोनवर म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

दीपिका माझी मुलगी असून असं बोलली याचं मला वाईट वाटलं. मी एका निमसरकारी संस्थेच्या खरेदी विभागात आहे. पंखे, खुर्च्या, टाचण्या, फिनेल, काहीही घ्यायचं असलं तरी त्याचं रीतसर मूल्यमापन झाल्याखेरीज माझ्या टेबलावरून कागद पुढे सरकत नाही. एकदा एका कपाटाचं मूल्यमापन एवढं काटेकोर झालं की कपाट येईपर्यंत ज्या साहेबांसाठी ते मागवलं होतं ते निवृत्त झाले. असा माणूस "कुठलंही" घेईल? मी तौलनिक तक्ता करायला बसलो.

आमच्या मजल्यावर मूल्यमापन चाललंय ही गोष्ट लपून राहत नाही. पहिला आला राजाराम परब. समोरच्या दाराचा. चाळीतही समोरच होता. मालवणचा माणूस, दशावताराचं वेड, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत तयार.

"अरे प्रफुल्ल, ढगात काय ठेव नको हां. तुका सांगतंय. ढग आज हंय, उद्या खंय. माझे सगळे दशावतार मी पेन ड्राइव्हात ठेवलंय."

"मग दाखव बघू."

"तो पेन ड्राइव्ह गावलो की दाखवतंय."

दुसरे अभय प्रभुदेसाई. टॉवरच्या विक्रीच्या विंगमध्ये, म्हणजे बाहेरून फ्लॅट विकत घेतलेल्यांच्यात, राहतात, माटुंग्याच्या एका कॉलेजातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेत आणि लिफ्टमध्येही व्याख्यान देतात. "गमरे, प्रश्न जागेचा नाही, प्रश्न सार्वभौमत्वाचा आहे," ते म्हणाले. "आपली माहिती देशाबाहेर जाता कामा नये. तत्त्वतः." प्रभुदेसाईंची दोन्ही मुलं देशाबाहेर आहेत, पण माहितीबद्दल ते ठाम होते.

शेवटी सर्व निकषांवर 'नभकोश' नावाची एक देशी कंपनी पहिली आली. तिचे प्लॅन असे: बेसिक, प्लस, कुटुंब आणि मॅक्स. बेसिकवाल्याने प्लसच्या जागेत पाऊल ठेवायचं नाही, प्लसवाल्याने कुटुंबाच्या पंगतीला बसायचं नाही, आणि मॅक्सवाले कोण असतात ते खालच्यांना दिसतसुद्धा नाही. ही रचना मला कुठेतरी वाचल्यासारखी वाटली, पण पहिला महिना फुकट होता. मी कुटुंब योजना घेतली.

या योजनेत सहा जणांची सोय होती. आम्ही मी, बायको मेघना आणि आई असे तिघंच. दीपिकाने "मला माझं आहे" म्हणून अंग काढून घेतलं. म्हणजे तीन जागा रिकाम्या. मुंबईत तीन जागा रिकाम्या आहेत ही बातमी बाहेर फुटली, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मेघनाने ती लिफ्टमध्ये फोडली.

संध्याकाळी ढगाचा कट्टर विरोधक परब दारात उभा. "एक जागा माका दी. घरचीच माणसा आपण." त्याच्या पाठोपाठ प्रभुदेसाई. त्यांना अर्थात जागा नको होती. त्यांना तत्त्वतः प्रयोग म्हणून बघायचं होतं.

आता अ‍ॅपने विचारलं, नातं काय? पर्याय होते पती, पत्नी, पालक आणि पाल्य. 'इतर' हा पर्याय होता, पण तो मॅक्सवाल्यांसाठी. शेजारी नावाचं नातं असतं हे कंपनीला ठाऊकच नव्हतं. मी दोघांकडे बघितलं. पत्नी म्हणून घालणं शक्य नव्हतं, पालक म्हणून घालायला माझी आई हयात आहे. मी दोघांनाही पाल्य केलं. अठ्ठावन्न वर्षांचा राजाराम आणि सहासष्ट वर्षांचे प्रभुदेसाई माझ्या पोटी आले. माझं स्वतःचं वय सत्तावन्न.

मग मी आईची गाणी वर चढवली. काम झाल्यावर अ‍ॅपने नम्रपणे विचारलं, "फोनमधल्या प्रती काढून जागा मोकळी करू?" मी तितक्याच नम्रपणे "होय" दाबलं. फोन एकदम हलका झाला. मीही झालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. "तुमचा पाल्य अभय हा 'भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने' हे व्याख्यान पाहू इच्छितो. परवानगी द्यावी?"

नभकोशने दोघांना बालसंरक्षण लावलं होतं! त्यांनी काय बघायचं, किती वेळ बघायचं, कधी झोपायचं, सगळं माझ्या अंगठ्यावर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आयुष्यभर मी साहेबांच्या परवानग्या घेत आलो. आता एक निवृत्त प्राध्यापक माझ्या दाराशी येऊन म्हणत होते, "गमरे, तेवढं जरा परवानगीचं बघा ना." मी दोन दिवस विचाराधीन ठेवून परवानगी दिली.

परबाचं प्रकरण जरा चिघळलं. त्याच्याकडे कुडाळचे व्याही आलेले. त्यांना मोठ्या टीव्हीवर दशावतार दाखवायचा बेत. दशावतारात राक्षस मरतो, म्हणून अ‍ॅपने तो 'हिंसक' ठरवला आणि माझ्याकडे विचारणा केली. नकार देताना कारण लिहायची सोय होती. मला गंमत सुचली. मी लिहिलं, "परीक्षा जवळ आली आहे." व्याही, विहीणबाई आणि जावई यांच्यासमोर टीव्हीवर मोठ्या अक्षरांत पाटी आली: "तुमच्या पालकांनी परवानगी नाकारली आहे. परीक्षा जवळ आली आहे."

विहीणबाई हसल्या म्हणे. ते परबाला लागलं. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. लिफ्टमध्ये भेटला की आरशात बघायचा.

आणि बुद्धपौर्णिमा जवळ आलेली असताना नभकोश उघडेना. "खाते पडताळणीसाठी स्थगित. पालक व पाल्य यांच्या वयात विसंगती आढळली आहे." मी घाईघाईने मदतीचं बटण दाबलं. एक गोल चेहरा हसत वर आला. "नमस्कार! मी मनू. तुमचा डिजिटल सोबती!"

कंपनीने हे नाव ठेवताना परळमध्ये कोणाला विचारलं नव्हतं, हे उघड होतं.

मी लिहिलं, गाणी हवी आहेत. मनू म्हणाला, तुमची अडचण मी समजू शकतो. मी लिहिलं, मग द्या. मनू म्हणाला, तुमची अडचण मी समजू शकतो. असं बराच वेळ एकमेकांना समजून घेतल्यावर माझा आवाज चढला. टाइप करताना आवाज चढवून उपयोग नसतो, पण तो चढतो.

"कोणाशी भांडतोयस रे?" आतून आईने तिच्या त्या हवेच्या आवाजात विचारलं.

"मनूशी."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कोणाशी?"

"मनू म्हणून आहे एक. कंपनीचा. गाणी त्याच्या ताब्यात आहेत."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, नियमात बसत नाही. प्रवेश नाही."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन उलटा करून ठेवला. "या घरात मनूला विचारून आपण पाणीपण पीत नाय," ती म्हणाली. "साडी बदलून येते. त्याचं ऑफिस कुठाय?"

ऑफिस लोअर परळला. गिरणीच्या जागेवर काचेची इमारत. टॅक्सीतून उतरल्यावर आई जरा वेळ नुसतीच वर बघत उभी राहिली. मग फाटकाजवळच्या कारंज्याकडे बोट करून म्हणाली, "तिथे साच्याचं खातं होतं. तुझे बाबा तिथे मागावर असायचे." एवढंच. मग चालू लागली.

फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने आम्हाला अडवलं. "अ‍ॅपमधला क्यूआर दाखवा."

"अ‍ॅप बंद आहे. म्हणून तर आलो."

"बरोबर आहे सर. पण आत जायला अ‍ॅप लागतं."

"अ‍ॅप चालू असतं तर आत कशाला आलो असतो?"

"तेच तर सर," तो म्हणाला, जणू मी त्याचीच बाजू मांडली.

मी नियमावलीतली त्रुटी त्याला समजावून सांगत होतो तेवढ्यात आई पुढे झाली. "बाळा, बाथरूम कुठंय रे?" ऐंशी ओलांडलेल्या बाईला या प्रश्नावर नाही म्हणणारा माणूस अजून मुंबईत यायचा आहे. फाटक उघडलं. मी तिची पिशवी धरून मागोमाग घुसलो.

आत 'अनुभव केंद्र' होतं. म्हणजे कॉफीचं दुकान, भिंतीवर ढग आणि ढगाच्याच आकाराचा सोफा. आई त्यावर बसली आणि कमरेपर्यंत आत गेली. प्रिती नावाची पट्टी लावलेली एक मुलगी धावत आली. आम्ही दोघांनी मिळून आईला ढगातून बाहेर काढलं आणि साध्या खुर्चीवर बसवलं.

"बाई, माझी गाणी तुमच्याकडे आहेत ती द्या," आई म्हणाली.

"आजी, ती इथे नाहीत. ती क्लाउडवर आहेत."

"ते कुठेशी आलं?"

"म्हणजे... सगळीकडे."

"सगळीकडे आहेत, मग माझ्याकडे का नाय?"

प्रितीला याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलं नसावं. ती भली मुलगी होती. तिने खुर्ची ओढली, संगणक उघडला आणि हळूच मला विचारलं, "सर, तुमचा मुलगा अभय... एकोणीसशे एकोणसाठचा जन्म आहे?"

"हो."

"आणि तुमचा अडुसष्टचा."

"हो."

तिने पडद्यावरच्या दोन्ही वर्षांवर बोट टेकवलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ते अनुभव केंद्रात घडलं.

उपाय असा निघाला. पाल्यांना काढून टाकायचं तर पालकाचं खातं चालू हवं, आणि ते बंद. पण पाल्य सज्ञान झाला, तर तो आपणहून कुटुंबाबाहेर पडू शकतो. त्यासाठी त्याने कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा आणि 'मी कुटुंब सोडत आहे' हे दाबायचं. दोन्ही पाल्य बाहेर पडले की खातं आपोआप खुलं.

आम्ही घरी परतताच प्रभुदेसाईंनी लगेच चेहरा दाखवला. "अभिनंदन अभय! तू आता सज्ञान झालास!" असा संदेश आला, रंगीत फुग्यांसकट. ते "बालिशपणा आहे" म्हणाले. पण त्यांच्या विंगमधल्या निदान चार जणांनी तो फुग्यांचा फोटो मला नंतर दाखवला, म्हणजे त्यांनी तो पाठवला असणार.

राहिला परब. मी त्याची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"राजाराम, तुला घर सोडायचंय," मी म्हटलं. वाक्य जरा चुकलंच.

"सोडूचंय नाय! चार लोकांत माझी परीक्षा काढलंस तू. आता माका पाल्य, म्हणजे झील केलंस मां? मगे वाटणी दी. हॉल माझो, बेडरूम तुझी."

"अरे, उद्या कार्यक्रम आहे. आईची गाणी अडकलीत."

"झिलाक इचारून अडकवलंस?" आणि दार बंद.

मी घरी येऊन बसलो. मेघना म्हणाली, "माफी माग ना सरळ." मी म्हटलं, मागितली असती, पण त्याने संधीच दिली नाही. हे खरं नव्हतं. मला फक्त ते शब्द साखळीच्या फटीतून आत सरकवता आले नव्हते.

आई उठली, चपला न घालताच समोर गेली आणि दारावर थाप मारली. "राजाराम."

दार उघडलं. आईच्या थापेला ते चाळीतही उघडायचं.

"हा तुझा बाप झाला म्हणे," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "मग मी तुझी कोण?"

परबाने बनियन खाली ओढला.

"कोण?"

"आजी," परब पुटपुटला.

"बापाला अक्कल नाय, ते मला माहीत आहे. मी त्याला चांगला ओळखते. पण आजीचं गाणं अडवतोस?"

"आये, मी तुझा गाणा कशाक आडवीन? ह्येनाच माका..." साठीला आलेला माणूस बनियनवर दारात उभा राहून रडायच्या बेतात. आणि मग माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "राजा, चुकलं माझं. व्याह्यांसमोर तसं करायला नको होतं." एवढंच तर बोलायचं होतं. सोपं होतं.

परबाने नाक पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला. अ‍ॅपने विचार केला आणि सांगितलं: "तुमचे अंदाजे वय सतरा. तुम्ही अद्याप सज्ञान नाही." त्याने आदल्याच दिवशी केस काळे केले होते. परबाचा सगळा राग क्षणात गेला. "वाच, वाच! सतरा!" तो ते घरभर दाखवत फिरला. त्याच्या बायकोने विचारलं, "मशीन बिघडलेला आसा काय?" तीनदा प्रयत्न झाले. शेवटी आईने त्याला शर्ट घालायला लावला, चष्मा लावायला लावला आणि हसणं बंद करायला सांगितलं. तेव्हा कुठे तो सज्ञान झाला. जरा नाराजीनेच.

खातं उघडलं. गाणी होती. सगळी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहार भरला होता. वंदना झाली, शाल झाली, भाषणं झाली. प्रभुदेसाई "तत्त्वतः" दोन मिनिटं बोलणार होते ते वीस मिनिटं बोलले. परब स्पीकरजवळ बसला होता. वायरी त्याने दुपारीच जोडल्या होत्या. मी फोन लावला आणि पहिलं गाणं सुरू केलं.

काय आवाज होता! गोड, सपाट, गुळगुळीत, मागे बारीक व्हायोलिन. विमानतळावर घोषणा करणाऱ्या बाईने पाळणा म्हणावा तसा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईने मान पुढे करून नीट ऐकलं.

"छान गाते," ती म्हणाली. "कोण बाई ही?"

"आई, तूच आहेस."

"मी नाय."

मी फोन बघितला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "आनंदाची बातमी! तुमचा आवाज नभस्वरने आपोआप सुधारला आहे. मूळ आवाज ऐकण्यासाठी मॅक्स घ्या."

म्हणजे माझ्या आईचा आवाज माझ्या आईला ऐकवायचा, तर त्यासाठी वरच्या वर्णात जायचं होतं. मला बोलायला पुष्कळ सुचत होतं. निकष, अटी, ग्राहक मंच, सगळं. पण आई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, परक्या बाईचं गाणं संपायची वाट बघत. मी अंगठा टेकवला. किती पैसे, किती महिने, काहीही वाचलं नाही.

मग तो आवाज आला. जाडसर, थोडा चिरलेला, श्वास घ्यायला भलत्याच जागी थांबणारा. कुकरची शिट्टी झाली तशी आईने कडव्याच्या मध्येच "मेघना, गॅस!" म्हटलं आणि पुन्हा सूर पकडला. मेथीच्या काड्या तुटण्याचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या, जुन्या पथकातल्या, गुडघ्यावर ठेका धरून गुणगुणायला लागल्या. आईचे ओठ हलत होते.

आणि वरच्या सुरावर, गाणं सगळ्यात उंच गेलेलं असताना, रेकॉर्डिंगमध्येच मागून, आमच्या बाहेरच्या पॅसेजमधून आलेलं स्पष्ट ऐकू आलं: "गो बाय, बांगडो ताजो आसा की कालचो?"

सगळा विहार परबाकडे वळला. परब स्पीकरमागून उठून उभा राहिला. "ता माका ठाऊकच नव्हता! पण बांगडो कालचोच होतो हां, मी सांगतंय..."

आईने हात वर केला.

"राजाराम, तेव्हापण मध्येच बोललास," ती म्हणाली. "आता तरी गाणं पुरं होऊ दे."